वतन, हजेरीपट आणि मोबाइलवरचे काम

विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची माहिती संकलित करण्याचे काम काही महिने सुरू होते. माहितीपत्रकात ‘नोकरी / व्यवसाय’ असा एक रकाना होता. जुन्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांनी तो सहज भरला : शिक्षक, परिचारिका, महानगरपालिका, एसटी, बँक, दारूगोळा कारखाना. अलीकडच्या तुकड्यांची पत्रके मात्र त्या जागी बऱ्याचदा कोरी आली. एका विद्यार्थ्याला दूरध्वनी केला, तेव्हा तो म्हणाला, “सर, मी डिलिव्हरी करतो. ते नोकरीत धरायचे की धंद्यात?”

इतिहासाचा शिक्षक असूनही मला त्याला तत्काळ उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचा विचार करताना जे उमगले, ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे काम म्हणजे नेमके काय?

‘गिग’ हा शब्द मूळचा वादकांच्या व्यवहारातला. एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी ठरवून घेतलेले काम म्हणजे गिग. आपल्याकडे बँडपथक आणि तमाशाचा फड याला ‘सुपारी’ म्हणतात. सुपारी मिळाली तर काम, काम झाले तर पैसे. पुढची सुपारी मिळेल याची हमी नाही. मोबाइलमधील ॲपने ही सुपारी काही मिनिटांवर आणली आहे. एक पार्सल, एक फेरी, एका घरची साफसफाई, एक भाषांतर अशा तुकड्यांत काम मिळते आणि तुकड्यागणिक मोबदला मिळतो.

यात दोन प्रकार आहेत. झोमॅटो, स्विगी, उबर, ओला, अर्बन कंपनी यांसारख्या ॲपवरून काम घेणारे ते ‘प्लॅटफॉर्म कामगार’. स्वतः ग्राहक शोधून संगणकावर चित्रांकन, लेखापालन, भाषांतर किंवा चित्रफितींचे संपादन करणारे ते ‘फ्रीलान्सर’. दोघांनाही मासिक पगार नाही आणि दोघांनाही मालक कोण ते बोट दाखवून सांगता येत नाही.

नीती आयोगाने जून 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2020-21 या वर्षी देशात अशा कामगारांची संख्या 77 लाख होती आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाख होईल, असा अंदाज आहे. धायरीत राहणाऱ्यांना ही आकडेवारी डोळ्यांनी दिसते. 2017 साली धायरी महानगरपालिकेत आली. सिंहगड रस्ता, नऱ्हे, आंबेगाव या पट्ट्यात उंच गृहसंकुले उभी राहिली. त्यांतील नोकरदार कुटुंबांना घरपोच जेवण, किराणा, प्रवास, साफसफाई हवी असते. ती पुरवणारे तरुण मात्र आसपासच्या वस्त्यांतून आणि मराठवाडा, विदर्भातून आलेल्या भाड्याच्या खोल्यांतून येतात. धायरी-नऱ्हे भागातील लहान कारखान्यांच्या शेडमध्येही आता ठेकेदाराकडूनच काम मिळते. कायम नोकरीचे दार अरुंद झाल्यामुळे पदवीधर मुलगाही दुचाकी आणि मोबाइल घेऊन या कामाला लागतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करताना ‘तात्पुरते’ म्हणून सुरू केलेले काम पाहता पाहता चार-पाच वर्षांचे होते.

हातात नेमके किती उरते?

या कामाची कमाई मोबाइलच्या पडद्यावर ठळक दिसते, खर्च दिसत नाही. म्हणून शाळेतल्या गणिताप्रमाणे एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, एका दिवशी 1,000 रुपये जमा झाले आणि त्यासाठी 120 किलोमीटर दुचाकी चालवली. लिटरला 45 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरले, तर 280 रुपये पेट्रोलचे. टायर, ऑइल, दुरुस्ती यांसाठी किलोमीटरला एक रुपया, म्हणजे 120 रुपये. दुचाकीचा मासिक हप्ता 3,000 रुपये असेल, तर महिन्याचे 26 दिवस धरून रोजचे 115 रुपये. मोबाइलचे 15 रुपये. उरले 470 रुपये. सकाळी अकरापासून रात्री दहापर्यंतचे अकरा तास धरले, तर तासाला 43 रुपयांहूनही कमी. यात हॉटेलच्या दारात ऑर्डरची वाट पाहण्याचा वेळ धरला आहे. ॲप तो धरत नाही.

हा हिशेब नमुन्यादाखल आहे. कोणाचे आकडे याहून चांगले असतील, कोणाचे वाईट. परंतु रीत हीच. जमा झालेली रक्कम म्हणजे मजुरी नव्हे. त्या रकमेत पेट्रोलपंपाचा, गॅरेजचा आणि कर्ज देणाऱ्याचा वाटा आधीच बसलेला असतो.

त्यातच दर एकतर्फी बदलतात. ठरावीक संख्येने ऑर्डर पूर्ण केल्यास मिळणाऱ्या इन्सेन्टिव्हसाठी माणूस शेवटच्या दोन तासांत जिवावर उदार होऊन गाडी हाकतो. ग्राहकाने कमी तारे दिले किंवा तक्रार केली, की आयडी बंद होण्याची भीती. आपल्या एका माजी विद्यार्थ्याचा नवले पुलाच्या उतारावर अपघात झाला आणि हात मोडला. सहा आठवडे तो घरी होता. त्या काळात त्याला एक रुपयाही मिळाला नाही. विम्याची विचारणा केली, तेव्हा अपघाताच्या क्षणी ऑर्डर सुरू नव्हती, असे उत्तर आले. तो पुढची ऑर्डर मिळावी म्हणूनच त्या रस्त्यावर होता, हे कोणत्याही नोंदीत नव्हते.

इतिहासाच्या आरशात

आपल्या समाजाला कामाचे हे प्रश्न नवे नाहीत. महार वतनाचा विचार करा. ‘वतनदार’ हा शब्द मानाचा. प्रत्यक्षात मात्र कामाला वेळेचे बंधन नव्हते. दिवस असो वा रात्र, सरकारी कामासाठी हाक आली की जावे लागे. वतनदार घरी नसेल तर कुटुंबातील दुसऱ्या माणसाला धरून नेत. मोबदला होता तो तुटपुंजी इनाम जमीन आणि गावकऱ्यांनी दिले तर मिळणारे बलुते. काम सरकारचे, पण वेतनाची जबाबदारी सरकारची नाही, अशी ती व्यवस्था होती. परमपूज्य बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वंशपरंपरागत हुद्दे कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले, ते नेमके याच मुद्द्यांवर : काम कोणते, ते किती, आणि त्याचे वेतन देणार कोण? ही वतने कायद्याने रद्द होण्यासाठी 1958 साल उजाडावे लागले.

गाव सोडून आपली माणसे शहरात आली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते; 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तोही प्रश्न ऐरणीवर आणला. गिरणीच्या दारात पहाटे उभे राहून मुकादमाच्या नजरेत भरण्याची वाट पाहणारा ‘बदली कामगार’ हा आजच्या डिलिव्हरी कामगाराचा पूर्वजच म्हणावा लागेल.

पुढे रेल्वे, नगरपालिका, खडकी व देहूरोडचे दारूगोळा कारखाने आणि डेपो, पिंपरी-चिंचवडचे कारखाने येथे कायम नोकरी मिळाली. देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, त्या वस्तीचा मोठा आधार लष्करी डेपोतील नोकरी हाच होता. त्या पिढीला पगारासोबत आणखी एक गोष्ट मिळाली : हजेरीपटावर नाव. हजेरीपटावर नाव आले म्हणजे कामाचे तास ठरले, रजा आली, भविष्यनिर्वाह निधी आला, आजारपणात दवाखाना आला. त्याच नोकरीच्या आधारावर मुले वसतिगृहात राहून शिकली.

हे सारे मालकांच्या दयेतून आले नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम त्याच काळात सुरू झाले आणि त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याची 54 तासांची मर्यादा 48 तासांवर आली.

आता ॲपवरचे काम या आरशात पाहू. वतन जन्माने गळ्यात पडत असे. ॲपवरचे काम स्वेच्छेने धरता व सोडता येते. नोंदणी करताना ॲप जात विचारत नाही, मुकादमाची मर्जी राखावी लागत नाही. आपल्या तरुणांना याचे मोल कळते आणि त्यांना कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु कामाचे तास, दर आणि जबाबदारी या तिन्ही बाबतींत आपण हजेरीपटाच्या मागे गेलो आहोत. ‘वतनदार’ या शब्दाप्रमाणे ‘पार्टनर’ हा शब्दही मानाचा आहे. पण या भागीदाराला दर ठरवताना कोणी विचारत नाही. आणि काही गृहसंकुलांत त्याला मुख्य लिफ्ट वापरू देत नाहीत, तेव्हा जुना पाणवठा आठवल्यावाचून राहत नाही.

स्वातंत्र्य कोणाचे?

‘हवे तेव्हा काम करा, तुम्हीच तुमचे मालक’ असे या कामाचे वर्णन केले जाते. 1947 साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी अशा स्वातंत्र्याची कठोर चिकित्सा केली आहे. राज्याने हस्तक्षेप केला नाही म्हणजे स्वातंत्र्य आले, असे होत नाही. ज्याच्या हाती काम देण्याची सत्ता आहे त्या खासगी मालकाची हुकूमशाही येते, आणि पोटासाठी माणूस आपले हक्क सोडून देतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ज्याला हप्ता भरायचा आहे, त्याला ‘हवे तेव्हा’ काम बंद करता येत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांकडून मी अनेकदा ऐकले आहे.

तथागतांचा मापदंडही आपल्याजवळ आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : कामकऱ्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून खावेत आणि वेळोवेळी सुटी द्यावी. अपघात झालेल्या आपल्या त्या विद्यार्थ्याला यांपैकी कशाचा लाभ झाला, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे.

कायदा आणि पुण्याचा धडा

सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या प्रथमच आली. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या 5 टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद तीत आहे. अपघात विमा, आरोग्य, मातृत्व आणि वार्धक्य यांसाठी त्यातून योजना करायच्या आहेत. पण हीच संहिता या कामगारांना पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेरचे ठरवते. म्हणजे विम्याची वाट उघडली. किमान वेतन, कामाचे तास यांची मात्र नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या चालकांना किमान वेतन व भरपगारी रजेचा हक्क असलेले कामगार ठरवले, हे येथे लक्षात घ्यावे. राजस्थानने 2023 मध्ये देशातील पहिला स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकाच्या 2025 च्या कायद्यात कामगाराला कामावरून दूर करण्यापूर्वी लेखी कारण आणि 14 दिवसांची सूचना आवश्यक केली आहे.

महाराष्ट्राजवळ तर याहून जुना नमुना आहे. हमालालाही एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. ‘एक मालक नाही, मग हक्क कोणाकडे मागणार?’ हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला आणि त्याने उत्तर दिले. कामगार, मालक व शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ. तेथे कामगाराची नोंदणी. व्यापाऱ्याने मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, औषधोपचार यांची व्यवस्था करायची. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने या हक्कांसाठी दीर्घकाळ संघटन केले. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या, बहुसंख्येने दलित असलेल्या भगिनींची पंचायत 1993 साली उभी राहिली आणि 2008 मध्ये त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेबरोबर काम करू लागली. ज्या कामाची नोंद कोणीही ठेवत नसे, त्या कामाला ओळखपत्र मिळाले. हमालाच्या पाठीवरचे पोते मोजता येत असेल, तर मोबाइलमध्ये सेकंदासेकंदाने नोंदली जाणारी फेरी मोजणे अवघड नाही.

आपण काय करावे?

पहिले, नोंद. या कामातील प्रत्येक माजी विद्यार्थ्याने ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करावी. कमाई, किलोमीटर, खर्च आणि तास यांची वही ठेवावी. मोबदल्याचे व तक्रारींचे स्क्रीनशॉट जपावेत. आयडी बंद झाला की ॲपमधील नोंदी हाताबाहेर जातात.

दुसरे, फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी लेखी करार आणि पावती यांचा आग्रह धरावा. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे 45 दिवसांहून अधिक काळ अडकवून ठेवता येत नाहीत, असा 2006 चा कायदा आहे.

तिसरे, संघटना. 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ॲप प्रत्येकाला एकटे करते. म्हणून एकत्र येणे येथे अधिक गरजेचे आहे. आपल्या माजी विद्यार्थी मंडळाला महिन्यातून एक रविवार नोंदणी व कायदेशीर सल्ल्यासाठी देता येईल.

पालकांना विनंती एवढीच, की मुलाने हे काम धरले म्हणून त्याचे शिक्षण वाया गेले असे म्हणू नका; आणि रोज पैसे येतात म्हणून त्याचे पुढचे शिक्षण थांबवूही नका.

त्या विद्यार्थ्याला मी नंतर पुन्हा दूरध्वनी केला. म्हणालो, “रकान्यात ‘कामगार’ असे लिही. तू कामगार आहेस. कायद्याने ते अजून पुरते मानले नसले, तरी आपल्या नोंदीत तरी ते असू दे.” या स्मरणिकेच्या यादीत त्याच्या नावापुढे तसेच छापले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!