पहिलीतल्या इंग्रजीची पंचवीस वर्षं

२०२५च्या उन्हाळ्यात अख्खा महाराष्ट्र पहिलीच्या मुलांच्या भाषांवरून भांडला. १६ एप्रिलला हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये त्यात फेरफार झाला आणि २९ जूनला सगळंच मागे घेतलं गेलं. घेतलं ते बरंच झालं. मला लागलं ते निराळंच. पहिलीत इंग्रजी येऊन तेव्हा पंचवीस वर्षं होत होती. तिसऱ्या भाषेवर घसा कोरडा करणारी कितीतरी मंडळी ऐकली. आधीच्या दुसऱ्या भाषेचं काय झालं, हे विचारणारं कुणी भेटलं नाही.

पहिलीत इंग्रजी येण्याआधीचा काळ सांगण्यासारखा नाही. इंग्रजी कधीकाळी आठवीत होतं, मग पाचवीत आलं. चार रेघी वही, एकेक स्पेलिंग दहादा लिहायचं, पुढे तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं. व्याकरण पाठ, तोंड बंद.

जून २०००मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मराठी बुडणार म्हणून ओरडणाऱ्या कित्येकांची नातवंडं त्याच सकाळी कॉन्व्हेंटच्या बसमध्ये चढत होती. मोऱ्यांचं म्हणणं साधं होतं: पैसेवाल्यांच्या मुलांना मिळतं ते बहुजनांच्या मुलांना का नको? मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं. आम्हा गुरुजी-बाईंना मात्र चार दिवसांच्या प्रशिक्षणावर आणि चहा-बिस्किटांवर वर्गात धाडलं.

तरी ते दशक आमचं होतं. माझी शाळा द्विशिक्षकी, माझ्याकडे पहिली-दुसरीचा जोडवर्ग. पहिलीला ऐकणं-बोलणं आधी, लिहिण्याची घाई नाही. साहित्य म्हणजे खडूचा रिकामा खोका आणि एक चिंचोका. ‘व्हेअर इज द चिंचोका?’ ‘इन द बॉक्स!’ मग ‘ऑन’, मग ‘अंडर’, आणि शेवटी चिंचोका कुणाच्या तरी खिशात. मराठीत ‘खोक्यात’ म्हणताना खोका पुढे असतो, इंग्रजीत ‘इन’ पुढे येतं. हा नियम मी कधी सांगितला नाही, जिभेलाच वळण पडलं. पोरं खुर्चीला ‘शी’ म्हणायची, कारण खुर्ची ‘ती’. मी रागवायचे नाही. पुन्हा बोट खुर्चीकडे, ‘इट इज अ चेअर’, मग फळ्याकडे, मग दाराकडे. ‘ॲन’साठी पुस्तकं ॲपल दाखवायची, ते आमच्याकडे आजारपणातच दिसायचं. आम्ही कांदा घेतला. ‘ॲन अनियन’ कुणी चुकलं नाही.

आकाशवाणीवर ‘वुई लर्न इंग्लिश’ लागे, पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसनं केलेलं. रेडिओतल्या बाईंना पोरं माझ्यापेक्षा मोठ्यानं उत्तरं द्यायची.

अशातच एक साहेब तपासणीला आले. त्यांनी वह्या मागितल्या. वह्यांत फारसं काही नव्हतं. ‘मुलांशी बोलून पाहा,’ म्हटलं, तर त्यांना पुढची शाळा गाठायची होती. शेरा पडला: लेखी काम असमाधानकारक. साहेब बढती घेऊन गेले. त्या वर्गातली पोरं आज कुठेही भेटली तरी इंग्रजी बोलायला बिचकत नाहीत, शेरा कुणाला द्यायचा ते आता मी ठरवते.

पुढचं भराभर सांगते, कारण ते आठवायला कंटाळा येतो. २०१०पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्याच्या मागोमाग नोंदी आणि तक्ते. मग सेमी-इंग्रजीची लाट. पालकांना तेच हवं होतं आणि पट टिकवायला आम्हालाही. गणिताच्या तासाला ‘सब्ट्रॅक्शन’ आलं, इंग्रजीच्या तासाला गाळलेल्या जागा आल्या. ‘धिस इज ____ एग.’ मूल ‘ॲन’ भरतं, बाई बरोबरची खूण करतात, पालक खूश. त्याच मुलाला अंडं दाखवून विचारा, ते बाईंच्या तोंडाकडे बघतं. ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीनंही इंग्रजी तपासलं ते मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, शब्द आणि वाक्यं वाचायला लावून. वाचनाचा आकडा येतो आणि वर्तमानपत्रात छापून येतो. बोलण्याचा आकडा कुणी मागतच नाही, मग त्यासाठी तास कोण घालवणार?

भाषा दोन की तीन, हा वाद पुन्हा निघेल, समित्याही बसतील. त्यांनी एखाद्या जोडवर्गात तासभर बसावं आणि किती मुलं स्वतःच्या मनानं एक वाक्य बोलली ते मोजावं. मोऱ्यांनी दिलेला तास वेळापत्रकात अजून आहे. फक्त त्या तासाला बाई वर्गात असायला हव्यात. सध्या त्या मोबाइलवर शाळेची माहिती भरत असतात.