मोशीचा कचरा आणि आपले शेअर

खोडदहून भोसरीला कामाला जाणारी आपली मुलं मोशीवरून जातात. तिथल्या कचरा डेपोवर अँटनी वेस्ट समूहाचा १४ मेगावॉटचा, कचऱ्यापासून वीज बनवणारा प्रकल्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. आता काहींच्या मोबाईलवर या कंपनीच्या शेअरचा भावही दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये ३१५ रुपयांना विकलेला हा शेअर १ जानेवारी २०२१ रोजी, नेमका शौर्यदिनी, बाजारात आला.

शेअर बाजार आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-सल्ल्याची पेढी काढली होती. जात कळल्यावर गिऱ्हाइकं तुटली.

मुलांना आम्ही सांगतो, ही कंपनी यंत्रांपेक्षा महापालिकांच्या ठेक्यांवर जास्त चालते. कचऱ्याचे पैसे बहुतेक ठिकाणी टनामागे पालिका देते. बिल थकलं की नफा कागदावरच. म्हणून ताळेबंदात आधी ‘येणे बाकी’ आणि कर्ज बघा, मग ठेक्याची मुदत. मेगावॉट नंतर.

किमान वेतन वाढलं की खर्च वाढतो; तो पालिका भरून देणार का, हे ठेक्यातल्या अटींवर ठरतं. कचरागाडीमागे धावणारा कामगार बहुतेकदा आपल्याच वस्तीतला. त्याचा पगार वाढला आणि शेअर पडला, तर आपण कुणाच्या बाजूचे? यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.