कंपवात : गोळीची वेळ जितकी महत्त्वाची, तितकेच डॉक्टरांना खरे सांगणे

रायपूर, ११ एप्रिल : बस्तरमधील जगदलपूरहून सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करून कंपवाताचा, म्हणजेच पार्किन्सन्सचा रुग्ण रायपूरच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा त्याने गोळी बहुधा वेळेवर घेतलेली असते. चार पावले नीट चालता यावीत, हाच त्यामागील हेतू असतो. परिणामी तपासणीच्या काही मिनिटांत डॉक्टरांना दिसतो तो रुग्णाच्या दिवसातील सर्वांत बरा काळ. उरलेला दिवस कसा जातो, हे रुग्ण आणि घरचे जेवढे सांगतील तेवढेच त्यांना कळते.

या आजाराचे वर्णन इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. मधुमेहात रक्तातील साखरेचा आकडा औषधाची दिशा दाखवतो. कंपवातात औषधाची मात्रा ठरवून देणारी तशी रक्ततपासणी नाही. प्रत्यक्ष तपासणी आणि रुग्णाचे कथन या दोनच आधारांवर मात्रा ठरते.

मात्रा का बदलत जाते?

या आजारात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. डोपामिन थेट दिले तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तेथे त्याचे डोपामिन होते. ते वाटेतच खर्ची पडू नये आणि मळमळ कमी व्हावी, म्हणून गोळीत कार्बिडोपा मिसळलेले असते. लेव्होडोपाचे रक्तातील प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. आजाराच्या आरंभी उरलेल्या पेशी डोपामिन साठवून ठेवतात, त्यामुळे परिणाम दीर्घकाळ टिकतो. पुढे ही साठवण घटते आणि पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच अंग आखडू लागते.

औषधाचा प्रभाव शिगेला असताना काही रुग्णांचे हातपाय वा मान अनावर वळवळू लागते. ही वळवळ आजाराच्या कंपापेक्षा वेगळी असते. कंप वाढला तर औषध वाढवावे लागू शकते. वळवळ वाढली तर एका वेळची मात्रा कमी करावी लागू शकते. ‘हात हलतो’ एवढेच सांगितले आणि केव्हा हलतो हे सांगितले नाही, तर उपचार नेमके उलट्या दिशेने जाण्याचा धोका असतो.

जेवणाचाही संबंध येतो. डाळ, पनीर, अंडी, मांस यांतील प्रथिने शोषणाच्या वेळी लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. म्हणून गोळी सहसा जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने घेण्यास सांगतात. प्रथिने बंद करणे मात्र चुकीचे. त्याने अशक्तपणा वाढतो. लोहाच्या गोळ्यांमुळेही लेव्होडोपाचे शोषण घटते, त्यामुळे दोन्हींत अंतर ठेवावे लागते. दीर्घकाळ परिणाम देणाऱ्या गोळ्या कुटून वा चावून घेऊ नयेत.

काय लपवले जाते?

लग्नसमारंभात हालचाल नीट व्हावी म्हणून परस्पर घेतलेली जादा गोळी, खर्चापोटी चुकवलेल्या गोळ्या, रायपूर आणि नागपूर अशा दोन ठिकाणच्या डॉक्टरांची एकाच वेळी चालू असलेली औषधे, या बाबी अनेकदा सांगितल्या जात नाहीत. कवचबीजाच्या चूर्णाचेही तसेच. खाजकुहिलीच्या या बियांत मुळातच लेव्होडोपा असते. १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनी ते त्यांतून वेगळे केले होते. चूर्णातील त्याचे प्रमाण मात्र निश्चित नसते. गोळ्यांबरोबर ते घेतल्यास एकूण मात्रा किती झाली, हे कोणालाच कळत नाही.

सर्वांत अवघड असते लाजेपोटी बाळगलेले मौन. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांना जुगाराचा, अनावर खरेदीचा किंवा अति कामेच्छेचा नाद लागतो. काहींना नसलेली माणसे दिसू लागतात. हा स्वभावदोष नसून औषधाचा परिणाम असू शकतो आणि मात्रा बदलल्यावर तो बहुधा आटोक्यात येतो. झाकली मूठ इतरत्र सव्वा लाखाची असेल. येथे तिच्यापायी घरची पुंजी जाऊ शकते.

भ्रम झाला म्हणून घाबरून सर्व गोळ्या एकाएकी बंद करणे त्याहून घातक. त्याने तीव्र ताप, अंग ताठरणे, शुद्ध हरपणे अशी प्राणावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. अन्य कारणाने रुग्णालयात दाखल होतानाही कंपवात असल्याचे आणि गोळ्यांच्या वेळांचे आधी सांगावे. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन तसेच हॅलोपेरिडॉल ही औषधे कंपवात वाढवतात.

वहीचे चार रकाने

भेटीआधी तीन-चार दिवस एका वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ, अंग आखडल्याची वेळ आणि वळवळीची वेळ असे चार रकाने भरावेत. त्रासाच्या वेळचे मोबाइल चित्रण, तसेच चूर्णासह घरातील सर्व औषधे सोबत न्यावीत. रुग्णासमोर बोलणे अवघड असेल, तर घरच्यांनी लिहिलेली चिठ्ठीही पुरते.

अनुभवांच्या देवाणघेवाणीसाठी मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी, तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ कार्यरत आहे. मात्रा बदलण्याचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. तो अचूक ठरावा, यासाठी लागणारी माहिती मात्र रुग्णाच्या घरातच असते.