उच्छ्वासाची वाट

थंडीच्या रात्रीं डोक्यावरून घोंगडी ओढून निजलेला मनुष्य कांहीं वेळानें झोंपेंतच तिची कड नाकापासून दूर सारतो. घोंगडींत हवा नसते असें नव्हे. परंतु ती त्याचीच एकदां वापरलेली हवा असते. मोकळ्या हवेंत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बाम्लवायु, शेंकडा ०.०४ इतकाच असतो. उच्छ्वासांत तो शेंकडा ४ ते ५ भरतो. हा वायु शरीरांत किंचित् वाढला तरी श्वासाची गति वाढते, हें ऑक्सफर्ड येथील हॉल्डेन व प्रीस्टली यांनीं १९०५ सालीं दाखवून दिलें.

तंबाखूच्या वा चुलीच्या धुरानें ज्याचीं फुप्फुसें जीर्ण झालीं आहेत, अशा रोग्याच्या रक्तांत पुष्कळदां हाच वायु सांचूं लागतो. त्यास घशांत नळी न घालतां, नाकातोंडावर मुखवटा बसवून यंत्रानें साहाय्य देतां येतें. ‘बायपॅप’ नांवाचें हें यंत्र श्वास घेतांना हवेचा दाब वाढवितें व सोडतांना कमी करितें. सांचलेला वायु बाहेर काढणें हा त्याचा एक मुख्य हेतु. तोच वायु मुखवट्यांत कोंडून पुन्हां फुप्फुसांत जाऊं लागला, तर उपचार निष्फळ होतो.

घरीं वापरावयाच्या यंत्रास बहुधा एकच नळी असते. तिच्यांतून ताजी हवा येते. उच्छ्वासास निराळी नळी नसते. म्हणून मुखवट्यावर किंवा नळीच्या टोंकाशीं बारीक छिद्रें मुद्दाम ठेविलेलीं असतात. उच्छ्वासाच्या वेळींही यंत्र दाब पूर्णपणें उतरवीत नाहीं. त्यामुळें मोरींत पाण्याची धार सोडावी तसा हवेचा झोत छिद्रांवाटे अखंड वाहतो व वापरलेल्या हवेस बाहेर लोटतो. दाब फार कमी झाला तर झोत मंदावतो, उच्छ्वास उलट नळींत शिरतो आणि पुढील श्वासाबरोबर परत येतो. याकरितां हा दाब सामान्यतः पाण्याच्या ४ सेंटिमीटर उंचीच्या दाबाहून खालीं ठेवीत नाहींत. रोग्यास धाप लागली असेल तर झोतास अवधिही थोडा मिळतो.

मुखवट्याच्या आंतील पोकळीचाही विचार करावा लागतो. प्रौढ मनुष्याच्या सुमारें ५०० घनसेंटिमीटर श्वासांपैकीं १५० घनसेंटिमीटर हवा श्वासमार्गांतच राहते. ती रक्तापर्यंत पोंचत नाहीं. ज्याचा श्वास उथळ आहे त्यास ही तूट अधिक जाणवते, व मुखवट्यांत सांचून राहिलेली हवा तींत भर घालते. म्हणून चेहऱ्यास नीट बसणारा, आटोपशीर मुखवटा बरा. छिद्राच्या रचनेचें महत्त्व फर्ग्युसन व गिलमार्टिन यांच्या १९९५ सालच्या संशोधनानें पुढें आणलें. तें नळीवर असण्यापेक्षां मुखवट्यावर असणें हितकर, असें पुढें २००३ सालीं शेटिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें.

घरांतील माणसांकडून होणारी चूक मात्र निराळीच असते. छिद्रांतून गार वारा येतो, रात्रभर सूं सूं आवाज होतो. मुखवटा गळतो आहे असें समजून कोणी तेथें चिकटपट्टी लावतो. असें कदापि करूं नये. कडेनें डोळ्यांकडे जाणारा वारा पट्टे नीट बसवून थांबवावा. छिद्रें मात्र उघडींच ठेवावींत व धुतांना तीं तुंबलीं नाहींत हें पाहावें. कांहीं मुखवट्यांना छिद्रें नसतात. ते दोन नळ्यांच्या रुग्णालयीन यंत्रांसाठीं असतात. उच्छ्वासाचें छिद्र कोठेंच नसलेल्या एका नळीस तसा मुखवटा जोडणें प्राणघातक ठरूं शकतें. वीज गेल्यास बाहेरची हवा आंत घेणारी झडप नाकातोंडाच्या मुखवट्यास आहे ना, हेंही पाहून ठेवावें.

बोटास लावावयाचा ऑक्सिमीटर येथें फसवूं शकतो. तो प्राणवायूचें प्रमाण सांगतो, कर्बाम्लवायूचें नव्हे. वरून प्राणवायु चालू असेल तर आंकडा चांगला दिसूनही कर्बाम्लवायु वाढत असतो. सकाळची डोकेदुखी, दिवसा गुंगी, बोलण्यांत गोंधळ हीं त्याचीं लक्षणें होत. तीं दिसतांच डॉक्टरांस कळवावें. धमनींतील रक्ताच्या तपासणीनें खरें काय तें कळतें. निरोगी माणसांत या वायूचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर असतो. यंत्राचे आंकडे घरीं बदलूं नयेत. तें काम डॉक्टरांचें. परंतु रोज रात्रीं मुखवटा बांधण्यापूर्वीं उच्छ्वासाची वाट मोकळी आहे ना, एवढें पाहणें घरांतील कोणासही साधण्यासारखें आहे.