क्रिकेटच्या मैदानातून ऑफिसात आलेली इंग्रजी

लंडनच्या ऑफिसातून ‘प्लीज सेंड इट बाय क्लोज ऑफ प्ले’ असा निरोप आला, तर आजचं कामकाज संपायच्या आत पाठवा, एवढंच सांगायचं असतं. ब्रिटिश इंग्रजीतले असे कितीतरी वाक्प्रचार क्रिकेटमधून आले आहेत. आपल्याला ते लवकर जमतात, कारण खेळ अंगात भिनलेला असतो.

‘स्टिकी विकेट’ घ्या. पूर्वी सामना सुरू असताना खेळपट्टी झाकत नसत. पाऊस पडून गेल्यावर कडक ऊन आलं, की वाळत्या मातीवर चेंडू कधी अंगावर उसळे, कधी झपकन वळे. कसलेला फलंदाजही तिथे हतबल होई. म्हणून संसदेत प्रश्नांच्या भडिमारात अडकलेला मंत्री ‘ऑन अ स्टिकी विकेट’ असतो. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की अर्थ पाठ करावा लागत नाही. वाक्प्रचार शिकायची हीच खरी रीत आहे, असं मला मनापासून वाटतं.

‘ऑफ युअर ओन बॅट’ म्हणजे कुणी न सांगता, आपणहून. ‘नॉक्ड फॉर सिक्स’ मात्र फसवं आहे. षटकार म्हटला की आपण खूश होतो, पण इथे विचार करायचा तो चेंडूचा! नोकरी गेल्याच्या बातमीने पार कोलमडलेल्या माणसाबद्दल तसं म्हणतात.

अमेरिकी सहकाऱ्यांशी बोलताना हे सारं जपून वापरावं. तिकडे बेसबॉलचं राज्य: ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा, आणि ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात संपर्क साधणं.