उपासातलं डोकं का ठणकतं?

१६ तास उपास आणि ८ तासांत सगळं जेवण, असं सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात अनेकांचं डोकं ठणकतं. दोष भुकेला दिला जातो. बऱ्याचदा कमी पडलेलं असतं पाणी आणि मीठ. उपासात इन्सुलिनची पातळी उतरते, तशी मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात आणि त्यासोबत पाणीही जातं. म्हणूनच उठताना भोवळ येते. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या, जेवणातलं मीठ उगाच तोडू नका. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मिठाबाबत डॉक्टरांनाच विचारा.

सकाळचा चहा एकदम सोडला तर कॅफिन तुटल्यानंही डोकं दुखतं, साधारण १२ ते २४ तासांनी. बिनसाखरेचा कोरा चहा चालतो. आम्लपित्त असेल तर तोही नको. उपासामुळे पोटही साफ होत नसेल, तर दोन जेवणांत पालेभाजी आणि उसळ वाढवा.

मधुमेहींची मात्र मला खरी काळजी वाटते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना शेजाऱ्याचं पाहून उपास धरणं धोक्याचं आहे. घाम सुटला, हात थरथरले किंवा रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, तर तत्क्षणी साखर किंवा ग्लुकोज घ्या आणि उपास तिथंच मोडा. औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, वाढत्या मुलांनी हा प्रयोग करूच नये.