परंपरेच्या घरातील वेगळी मुले

कामगार चळवळीतला कार्यकर्ता ज्यू समाजातील समलिंगी तरुणांविषयी बोलणार, हे वाचून काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्याला वाळीत टाकले जाते त्याच्या पाठीशी कसे उभे राहावे, हा आमच्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. न्यूयॉर्क, लंडन, जेरुसलेम येथील परंपरानिष्ठ ज्यू वस्त्यांत तोच प्रश्न आज घराघरांत उभा आहे. तेथील लोकांनी त्याला जी उत्तरे शोधली, ती समजून घेण्याजोगी आहेत.

ज्यू धर्म आपल्याला अगदीच अपरिचित नाही. आपल्या कोकणातील बेने इस्राएल मंडळी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. धर्म हा प्रार्थनामंदिरापुरता नसून कामधंदा, चूल आणि लग्न या सर्वांत भिनलेला असतो, हे त्या एका नावावरून कळते. ज्यांना ऑर्थोडॉक्स म्हणतात ते ज्यू हे नियम काटेकोरपणे पाळतात. त्यांतही हसिदी पंथाची वस्ती म्हणजे जवळजवळ स्वतंत्र गावच. तेथे घरात यिडिश भाषा चालते, मुलामुलींच्या शाळा वेगळ्या असतात आणि लग्ने मध्यस्थांमार्फत लहान वयात ठरतात.

अशा घरातल्या मुलाला सोळा-सतराव्या वर्षी उमगते की आपले मन आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे ओढ घेते. किंवा एखाद्याला वाटते की आपण मुलगा म्हणून वाढलो, पण आपण मुलगी आहोत. त्याने काय करावे? बाहेरचा माणूस चटकन म्हणतो, 'मग सोडून द्या तो समाज!' हे उंटावरून शेळ्या हाकणे झाले. जेथे मालकच चाळीचाही मालक असतो आणि वाण्याची उधारीही त्याच्याच शब्दावर चालते, तेथे कामगाराची नोकरी गेली की छप्पर आणि भाकरी एकदमच जातात. या वस्त्यांतही तसेच आहे. शाळा, नोकरीची ओळख, अडचणीतली मदत, सणाचे ताट, सारे एकाच हातातून येते. शिवाय त्याची गोष्ट फुटली तर धाकट्या बहिणीचे स्थळ मोडेल ही धास्ती असते. अनेक हसिदी मुलांना व्यवहारी शिक्षण थोडेच मिळते. मग बाहेर पडून पोट कशावर भरावे? आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पुष्कळांना धर्म सोडायचाच नसतो. त्यांचा त्यावर जीव असतो.

धर्मशास्त्राची अडचण खरी आहे. बायबलच्या लेवीय ग्रंथात पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवण्यास मनाई आहे आणि ऑर्थोडॉक्स रब्बी ती रद्द मानीत नाहीत. परंतु त्याच शास्त्रात दुसरीही वचने आहेत. जीव वाचविण्यासाठी बहुतेक सर्व नियम बाजूला ठेवावे, असा दंडक आहे. माणसाच्या प्रतिष्ठेला फार वरचे स्थान आहे. चारचौघांत एखाद्याची मानहानी करणे हे रक्त सांडण्यासारखे मानले आहे. गेल्या पंचवीस वर्षांतली सारी चळवळ या वचनांच्या आधाराने पुढे सरकली.

स्टीव्हन ग्रीनबर्ग या ऑर्थोडॉक्स रब्बीने 1999 मध्ये आपण समलिंगी असल्याचे उघड सांगितले. 2001 मध्ये सँडी डुबाऊस्की यांचा 'ट्रेंबलिंग बिफोर जी-डी' हा माहितीपट आला आणि असे लोक आमच्यात नाहीतच, हे म्हणणे अवघड झाले. जुलै 2010 मध्ये काही ऑर्थोडॉक्स रब्बी व शिक्षकांनी एक निवेदन काढले. मनाई कायम ठेवूनही त्यांनी सांगितले की अशा व्यक्तीला मानाने वागवावे, तिचे गुपित फोडू नये, निरुपयोगी वा घातक उपचार नाकारण्याचा तिला हक्क आहे आणि तिला विरुद्धलिंगी व्यक्तीशी लग्नाला सहसा भरीस पाडू नये. या शेवटच्या कलमाचे मोल मोठे आहे. कारण लावून दिलेल्या लग्नात होरपळते ती समोरची निष्पाप व्यक्तीही.

उपचारांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. समलिंगी कल 'बरा' करू म्हणून पैसे घेणारी जोना नावाची एक ज्यू संस्था न्यू जर्सीत होती. काही तरुणांनी व दोन मातांनी तिच्यावर दावा लावला. जून 2015 मध्ये ज्यूरीने ही ग्राहकांची फसवणूक ठरविली आणि पुढे संस्थेला काम बंद करावे लागले. जो आजार नाही, त्यावर औषध विकण्याचा तो धंदा होता. त्याच वर्षी 30 जुलैला जेरुसलेमच्या मिरवणुकीत एका धर्मवेड्याने सुरा चालविला आणि शिरा बांकी ही सोळा वर्षांची मुलगी प्राणास मुकली. 2005 मध्ये याच मिरवणुकीवर हल्ला करून तो तुरुंगात गेला होता. सुटून तीनच आठवडे झाले होते.

आधार म्हणजे नेमके काय? न्यूयॉर्कमधील जेक्यूवाय ही 2001 पासूनची संस्था अशा तरुणांना एकत्र बसण्याची जागा, जेवण आणि समुपदेशन देते. तेथे धर्म सोडण्याची अट नाही, पाळण्याचीही नाही. 2010 मध्ये निघालेली एशेल ही संस्था ऑर्थोडॉक्स आईबापांना एकमेकांशी गाठ घालून देते. कारण मूल सांगून मोकळे होते, तेव्हा आईबाप कोंडले जातात. फूटस्टेप्स ही संस्था 2003 पासून समाज सोडणाऱ्यांना शिक्षण व नोकरीसाठी हात देते. ब्रिटनमध्ये प्रमुख रब्बी एफ्राइम मर्विस यांनी 2018 मध्ये ऑर्थोडॉक्स शाळांसाठी मार्गदर्शिका काढली आणि अशा विद्यार्थ्यांचा छळ खपवून घेऊ नये, असे बजावले.

सगळेच सुरळीत नाही. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठात विद्यार्थ्यांनी आपल्या मंडळाच्या मान्यतेसाठी 2021 मध्ये दावा लावला. मार्च 2025 मध्ये तडजोड झाली आणि मे महिन्यात विद्यापीठाने ते मंडळ पुन्हा बंद केले. करारावर सही होणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी होणे वेगळे, हे कोणत्याही कामगाराला सांगावे लागत नाही.

अमेरिकेतील ट्रेव्हर प्रोजेक्टने 2019 मध्ये दाखविले की ज्या तरुणांना स्वीकारणारे निदान एक मोठे माणूस होते, त्यांच्यात वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगण्याची शक्यता 40 टक्क्यांनी कमी होती. एकच माणूस! मामा, शिक्षक, रब्बी, शेजारीण, कोणीही.

तेव्हा ज्याला असे माणूस व्हायचे आहे त्याने काय करावे? आधी ऐकून घ्यावे. सांगितलेले आपल्यापाशी ठेवावे. त्याच्या परवानगीवाचून आईबापांनाही सांगू नये. घर सोड किंवा घरातच राहा, असा हुकूम देऊ नये. त्याची किंमत त्यालाच मोजायची असते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखविले, तर एकटे सोडू नये आणि जाणत्या डॉक्टरची मदत तत्काळ घ्यावी. आणि शनिवारच्या जेवणाला त्याचे पान पूर्वीसारखेच मांडावे. शास्त्राचा वाद पिढ्यान्पिढ्या चालेल. तो चालू असताना मूल जिवंत आणि घरात असले पाहिजे.